डोंगराकडची खिडकी

काठमांडूहून सकाळी पूर्वेकडे निघालेल्या विमानात हिमालय डाव्या हाताला असतो आणि परतताना उजव्या. तासाभराच्या या फेरीला नेपाळात ‘माउंटन फ्लाइट’ म्हणतात. विमान काठमांडूहून उडतं, एव्हरेस्टच्या दिशेने जातं, वळतं आणि पुन्हा काठमांडूलाच उतरतं. कुठे पोचायचं नसतं, फक्त बघायचं असतं. म्हणून या विमानात बसणाऱ्याला पडणारा प्रश्नही एकच असतो: बसायचं कुठे? डावीकडे की उजवीकडे, पुढे की मागे?

प्रश्न किरकोळ वाटतो. पण विमानातून डोंगर बघण्याचा इतिहास चाळला की हाच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. खिडकी कोणाच्या वाट्याला आली, त्यासाठी त्याने काय मोजलं आणि ती सगळ्यांच्या वाट्याला यावी म्हणून कोणी काय केलं, यातूनच हा इतिहास घडला आहे.

हिमालयाचं दर्शन मुळात लांबूनच सुरू झालं. एकोणिसाव्या शतकात नेपाळची दारं परक्यांना बंद होती. त्यामुळे भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातल्या मोजणीदारांनी 1847 ते 1850 या काळात उत्तर बिहारच्या सपाटीवरून, दीड-दोनशे किलोमीटर अंतरावरून, क्षितिजावरच्या शिखरांवर दुर्बिणी रोखल्या. त्या नोंदींवरून राधानाथ सिकदर यांनी आकडेमोड केली आणि ‘शिखर क्रमांक 15’ जगात सर्वांत उंच ठरलं. 1856 साली त्याची उंची 29,002 फूट असल्याचं जाहीर झालं. एवढ्या लांबून बघण्यात घोटाळेही होत. काठमांडूच्या बाजूने दिसणारं गौरीशंकर म्हणजेच एव्हरेस्ट, असा समज कित्येक वर्षं टिकून होता. 1903 साली हेन्री वूड या सर्वेक्षण अधिकाऱ्याने नेपाळात जाऊन ही दोन वेगळी शिखरं असल्याचं सिद्ध केलं. आज माउंटन फ्लाइटमध्ये बसलेल्या प्रवाशाला काही मिनिटांच्या अंतराने आधी गौरीशंकर आणि मग एव्हरेस्ट दिसतं. ज्या गोष्टीने जाणकारांना अर्धं शतक चकवलं, ती आता खिडकीतून नुसतं बघून कळते.

त्याच बिहारच्या सपाटीवरून 1933 साली पहिली विमानं एव्हरेस्टकडे झेपावली. पूर्णियाजवळ लालबालू नावाचं मैदान होतं. तिथून एव्हरेस्ट सरळ रेषेत सुमारे 250 किलोमीटर. मोहिमेला पैसा दिला होता लेडी ह्यूस्टन या धनाढ्य इंग्रज बाईंनी. विमानं दोन होती, दोन्ही वेस्टलँड कंपनीची, दोन्ही दुपंखी, आणि दोन्हींना विरळ हवेत दम टिकवणारी खास पेगासस इंजिनं बसवलेली. एकात वैमानिक लॉर्ड क्लाइड्सडेल आणि निरीक्षक कर्नल ब्लॅकर. दुसऱ्यात वैमानिक डेव्हिड मॅकिंटायर आणि चित्रपट छायाचित्रकार सिडनी बॉनेट.

या विमानांची मागची बैठक नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण डोंगराकडच्या खिडकीची ती पणजी. वैमानिक पुढे उघड्यावर बसत. निरीक्षकासाठी मात्र मागे एक बंदिस्त खोपटं बनवलं होतं. त्याला बाजूंना खिडक्या होत्या, वर उघडणारी झडप होती, आणि खाली जमिनीचे फोटो काढता यावेत म्हणून तळाला भोक ठेवलं होतं. अंगात विजेवर तापणारे कपडे, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा, हातात कॅमेरा. फोटो काढायचा तर झडप उघडून गोठवणाऱ्या वाऱ्यात डोकं बाहेर काढायचं, मग पुन्हा आत वाकून तळाच्या भोकाशी जायचं. ही जागा आरामात बसायची नव्हतीच. तिथे एक माणूस जिवावर उदार होऊन काम करत होता.

3 एप्रिलच्या सकाळी साडेआठच्या सुमाराला दोन्ही विमानं उडाली आणि दहा वाजून गेल्यावर एव्हरेस्टवर पोचली. शिखराच्या अलीकडे वाऱ्याच्या खाली येणाऱ्या झोताने विमानं शेकडो फूट खाली ढकलली गेली. क्लाइड्सडेलचं विमान अगदी थोडक्या अंतराने कड्यावरून पार झालं. दुसऱ्या विमानात बॉनेटचा पाय प्राणवायूच्या नळीवर पडला आणि नळीला तडा गेला. त्याने त्यावर हातरुमाल बांधला, पण तोवर शुद्ध हरपत आली होती आणि तो खोपट्याच्या तळाशी कोसळला. पुढे बसलेल्या मॅकिंटायरला मागे वळून बघताना स्वतःचाच मुखवटा सांभाळावा लागत होता. विमान खाली उतरत गेलं, हवा दाट झाली, तेव्हा बॉनेट सावरला. जगातल्या सर्वोच्च शिखराशेजारी त्या माणसाला खिडकी मिळाली होती, आणि नेमक्या त्या वेळेचा बराच भाग तो बेशुद्ध होता.

शिवाय त्या दिवसाचं मुख्य काम फसलं. मोहिमेला खालच्या प्रदेशाचे सलग उभे फोटो हवे होते; त्यावरून नकाशा करायचा होता. पण एप्रिल म्हणजे उत्तर भारतात धुळीचे दिवस. धुरकट थर कित्येक हजार फूट वर चढलेला होता आणि पायथ्याचे डोंगर त्यात बुडाले होते. म्हणून 19 एप्रिलला पुन्हा उड्डाण करावं लागलं, आणि त्या खेपेला फोटो चांगले मिळाले. महिना निवडताना मोहिमेने वाऱ्याचा विचार केला होता: हिवाळ्यातला वरचा वारा विमानांना झेपणारा नव्हता आणि जूनमध्ये पाऊस येणार होता. वाऱ्याच्या हिशेबात धूळ आडवी आली. आजही हिमालय बघायला मार्च-एप्रिलमध्ये जाणाऱ्यांच्या वाट्याला तेच धुरकं येतं. पावसाने धुऊन निघालेल्या हवेतला ऑक्टोबर-नोव्हेंबर त्याहून कितीतरी चांगला. ज्याला महिना निवडता येतो त्याने सीटच्या आधी महिना निवडावा. उलट क्रमाने केलेल्या निवडीत चांगली खिडकीसुद्धा वाया जाते.

त्या मोहिमेवरचा ‘विंग्ज ओव्हर एव्हरेस्ट’ हा लघुपट पुढे ऑस्करचा मानकरी ठरला. पण फोटोंचा त्याहून मोठा उपयोग पुढे झाला. 1951 साली मायकेल वॉर्ड हा तरुण ब्रिटिश डॉक्टर-गिर्यारोहक लंडनमध्ये रॉयल जिओग्राफिकल सोसायटीच्या संग्रहात जुने नकाशे आणि विमानातून काढलेले फोटो धुंडाळत बसला होता. 1933 च्या मोहिमेचे आणि चाळिशीच्या दशकातल्या चोरट्या उड्डाणांचे फोटो एकत्र लावल्यावर त्याची खात्री पटली की नेपाळच्या बाजूने, दक्षिणेकडून, एव्हरेस्टवर वाट निघू शकते. त्याच वर्षी टेहळणीची तुकडी निघाली आणि दोन वर्षांनी तेनसिंग आणि हिलरी त्याच बाजूने वर पोचले. विमानातल्या एका बैठकीवरून झडप उघडून घेतलेल्या फोटोंचा या वाटेत वाटा आहे, ही गोष्ट माउंटन फ्लाइटच्या माहितीपत्रकात छापायला हवी.

युरोपात डोंगरदर्शनाची सुरुवात यापेक्षा निवांत झाली होती. एडुआर्ड स्पेल्टेरिनी हा स्विस माणूस बलूनमधून आल्प्सवरून तरंगत जाई आणि काचेच्या जड पट्ट्यांवर फोटो घेई. 1898 च्या ऑक्टोबरात ‘वेगा’ नावाच्या बलूनमधून तो सिऑन गावाहून उडाला, तेव्हा सोबत आल्बर्ट हाइम हा नावाजलेला भूशास्त्रज्ञ होता. बलूनच्या टोपलीत डावं-उजवं नसतं. सगळ्या बाजू उघड्या. पंख असलेलं यंत्र आलं आणि त्याबरोबर नजरेला अडसर आला. पंख कुठे आहे, इंजिन कुठे आहे, भिंतीला भोक कुठे पाडलंय, यावर काय दिसणार ते ठरू लागलं.

भारतीय उपखंडात सामान्य प्रवाशाला हिमालयाजवळ नेणारं पहिलं विमान होतं डाकोटा. 24 मे 1948 रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी जनरल थिमय्यांना शेजारी बसवून डाकोटा लेहला उतरवलं. काश्मीरच्या युद्धात लडाख वाचवण्यासाठी सैन्य पोचवायचं होतं. सोनम नोर्बू या लडाखी अभियंत्याच्या देखरेखीखाली स्थानिक लोकांनी धावपट्टी सपाट केली होती. विमानात हवेचा दाब राखायची सोय नव्हती आणि वाटेतली शिखरं त्याच्या नेहमीच्या उंचीहून वर होती. मेहर सिंग यांना त्या दिवशी डोंगर शेजारून नव्हे, समोरून चुकवायचे होते. त्यानंतर लेहला सैनिक आणि रसद घेऊन जाणाऱ्या डाकोटांची रांग लागली. त्या सैनिकांनी खिडकीतून काय पाहिलं याची नोंद कोणी ठेवलेली नाही, पण हिमालय ओलांडून गेलेले ते आपल्याकडचे पहिले मोठ्या संख्येचे हवाई प्रवासी होते.

काठमांडूत विमानतळाच्या जागी तेव्हा गाईगुरं चरत. जागेचं नावच गौचर. 1949 साली भारताच्या राजदूतांना घेऊन एक छोटं बीचक्राफ्ट विमान तिथे उतरलं. 1950 मध्ये हिमालयन एव्हिएशन या कंपनीच्या डाकोटाने कलकत्त्याहून काठमांडूला फेरी केली. 1953 मध्ये आठ खासगी कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स उभी राहिली, त्या आठांत हिमालयन एव्हिएशनही होती. 1955 मध्ये गौचरचं नाव त्रिभुवन विमानतळ झालं. पशुपतिनाथाच्या अगदी शेजारी असलेली ही धावपट्टी सुमारे 1,340 मीटर उंचीवर आहे. त्याच वर्षी थॉमस कुक कंपनीने पर्यटकांची पहिली टोळी नेपाळात आणली आणि बोरिस लिसानेविच या रशियन माणसाच्या रॉयल हॉटेलात त्यांची उतरायची सोय झाली.

या सुरुवातीच्या फेऱ्यांमधली एक गंमत भूगोलाने घडवलेली आहे. पाटण्याहून काठमांडूला जाणारं विमान जवळजवळ सरळ उत्तरेला जातं. हिमालय त्याच्या नाकासमोर उभा असतो. म्हणजे सगळ्यांत सुंदर देखावा वैमानिक आणि सहवैमानिक यांच्या काचेत, आणि दोन्ही बाजूंच्या खिडक्यांत तराई आणि चुरियाच्या टेकड्या. विमान उतरण्यासाठी वळलं की काही क्षण डोंगर बाजूला येतात. दिल्लीहून येणाऱ्याचं नशीब वेगळं. दिल्ली ते काठमांडू ही रेघ आणि हिमालयाची रांग जवळपास समांतर आहेत, दोन्ही पश्चिम-वायव्येकडून पूर्व-आग्नेयेकडे. त्यामुळे डाव्या खिडकीत बसलेल्याला जवळजवळ संपूर्ण वाट नंदादेवीच्या बाजूपासून धौलागिरी, अन्नपूर्णा, मनास्लू अशी रांग सोबत करते. उजवीकडच्या प्रवाशाला गंगेचं मैदान दिसतं. दोघांनी तिकिटाचे सारखेच पैसे दिलेले असतात.

मुंबईहून थेट काठमांडूला जाणारं विमान ईशान्येला जातं आणि रांगेला तिरकं भिडतं. शेवटच्या टप्प्यात धौलागिरी, अन्नपूर्णा, मनास्लू डावीकडे उगवतात. एव्हरेस्ट मात्र उजव्या अंगाला, पुढे लांब राहतं. एकच खिडकी निवडायची तर डावीच, कारण ती शिखरं कितीतरी जवळची.

खिडकीचाही स्वतंत्र इतिहास आहे. डाकोटाच्या खिडक्या चौकोनी होत्या आणि चालूनही जायच्या, कारण आत-बाहेर दाबाचा फरक नव्हता. विमानं उंच उडू लागली, आत हवा कोंडावी लागली, आणि धडाच्या पत्र्यात पाडलेलं प्रत्येक भोक ही चिंतेची गोष्ट झाली. 1954 साली जानेवारीत आणि एप्रिलमध्ये ब्रिटनची दोन कॉमेट जेट विमानं हवेतच फुटली. तपासात निष्पन्न झालं की दाब वारंवार वाढून-घटून धातू थकला होता आणि धडातल्या भोकांच्या कोपऱ्यांशी चिरा सुरू झाल्या होत्या. तेव्हापासून विमानाच्या खिडकीला टोकदार कोपरा उरला नाही. आज गोलसर खिडकीला नाक लावून बसणाऱ्या प्रवाशाच्या सुरक्षिततेमागे त्या अपघातांतल्या माणसांचं मरण आहे.

त्याच दशकात व्हिकर्स व्हायकाउंट आलं आणि इंडियन एअरलाइन्सने 1957 पासून ते चालवलं. त्याच्या खिडक्या लंबगोल आणि प्रचंड, जवळपास 66 सेंटिमीटर उंच. आजच्या बहुतेक जेटच्या खिडक्या त्याच्यापुढे झरोके वाटतील. 1961 मध्ये फॉकर फ्रेंडशिप आलं. त्याचा पंख धडाच्या वर होता, त्यामुळे खाली बघायला आडकाठी नव्हती. डोंगर बघणाऱ्याच्या दृष्टीने फॉकरसारखं विमान म्हणजे वरदान होतं. आजच्या एटीआर विमानाचाही पंख वरच असतो, पण मधल्या ओळींसमोर इंजिन आणि फिरता पंखा येतो. त्यात बसणाऱ्याने मागच्या ओळी मागाव्यात. मागून नजर मोकळी राहते. पंख खाली असलेल्या जेटमध्येही मागच्या, शेपटीकडच्या ओळी चांगल्या, पण इंजिनातून निघणाऱ्या तप्त वायूमुळे मागचं दृश्य कधी कधी थरथरतं. फोटो काढणाऱ्याने म्हणूनच अगदी पुढची ओळ धरावी. शिवाय बोइंग 737 च्या पंखाच्या अलीकडे एका ओळीशी खिडकीच नसते, कारण तिथे भिंतीतून वातानुकूलनाची नळी वर जाते. तिथे ‘विंडो सीट’ घेऊन बसलेल्याला प्लॅस्टिकची भिंत दिसते.

नेपाळची राष्ट्रीय कंपनी, रॉयल नेपाल एअरलाइन्स, 1958 मध्ये सुरू झाली, आणि पर्यटक वाढले तशी पर्वतदर्शनाची फेरीही त्यांच्या वेळापत्रकात आली. 1992 मध्ये नेपाळने हवाई क्षेत्र खासगी कंपन्यांना खुलं केलं. खरा बदल झाला तो 1997 मध्ये. बुद्ध एअर या नव्या कंपनीने ऑक्टोबरात आपलं पहिलंच उड्डाण केलं ते एव्हरेस्ट बघण्यासाठी, बीचक्राफ्ट 1900डी या विमानातून. या विमानात 19 जागा, मधून अरुंद वाट आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेकच सीट. म्हणजे विमानातली जवळजवळ प्रत्येक सीट खिडकीची. मोठ्या विमानांतही मग माउंटन फ्लाइटसाठी फक्त खिडकीच्या जागा विकायची पद्धत रूढ झाली, मधल्या रिकाम्या ठेवून. जाताना डावीकडच्यांना डोंगर जवळ, येताना उजवीकडच्यांना. छोट्या विमानांत प्रवाशांना एकेक करून पुढे वैमानिकांच्या खोलीच्या दाराशी बोलवत आणि समोरच्या काचेतून एव्हरेस्ट दाखवत. ज्याने हे पाहिलं त्याला ते आयुष्यभर पुरतं.

डावी-उजवी यांची ही वाटणी दिसते तितकी काटेकोर समान नाही, हे मात्र सांगितलं पाहिजे. काठमांडूहून निघाल्यावर लांगटांगची रांग, दोर्जे लाक्पा, गौरीशंकर, मेलुंगत्से, चो ओयु, नुप्त्से, एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू अशी शिखरं एकेक करून येतात. जाताना ती ओळखण्याची उत्सुकता ताजी असते, सूर्य नुकता वर आलेला असतो आणि त्याचा तिरपा उजेड बर्फाच्या घड्या उठावदार करतो. परतताना तीच शिखरं उलट क्रमाने, ऊन थोडं सपाट झाल्यावर. म्हणून डावीकडची मागणी जास्त. पण दोन्ही वेळी एक गोष्ट सारखी: डोंगर उत्तरेला आणि सूर्य आग्नेयेला, म्हणजे बघणाऱ्याच्या पाठीशी. डोळ्यांत ऊन येत नाही आणि डोंगराच्या अंगावर पडतं.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. बीचक्राफ्ट 1900डी आणि एटीआर 72 या दोन्ही विमानांची कमाल उंची 25,000 फूट आहे. एव्हरेस्ट, 2020 साली नेपाळ आणि चीनने मिळून जाहीर केलेल्या मापाप्रमाणे, 8,848.86 मीटर, म्हणजे 29,000 फुटांच्या वर. थोडक्यात, या फेरीतला प्रवासी एव्हरेस्टकडे वर मान करूनच बघतो. 1933 मध्ये कापड ताणलेल्या दुपंखी विमानांतून गेलेल्या चौघांनी जे वरून पाहिलं, ते आजच्या पर्यटकाच्या वाट्याला येत नाही. ते हवंच असेल तर तिथून जाणाऱ्या मोठ्या जेटची वाट बघायची, पण ती लांबून जातात.

सगळ्यांना दाखवण्याच्या ओढीची सर्वांत भीषण कथा मात्र हिमालयातली नाही. 1977 पासून एअर न्यूझीलंड कंपनी ऑकलंडहून अंटार्क्टिकावर दिवसभराची दर्शनफेरी करत असे. डीसी-10 हे अवाढव्य विमान मुद्दाम पूर्ण भरत नसत; मधल्या काही जागा मोकळ्या सोडत, म्हणजे प्रवाशांना उठून खिडकीशी जाता यावं. सोबत जाणकार निवेदक असे. एडमंड हिलरी स्वतः अशा फेरीवर निवेदक म्हणून गेले होते. 28 नोव्हेंबर 1979 च्या फेरीलाही ते जाणार होते, पण जमलं नाही आणि त्यांचे मित्र पीटर मलग्रू गेले. त्या दिवशी विमान माउंट एरेबस या ज्वालामुखीच्या उतारावर आदळलं आणि 257 जण गेले. संगणकात भरलेला मार्ग आदल्या रात्री बदलला होता आणि वैमानिकांना ते सांगितलेलं नव्हतं. ढगाखाली उतरल्यावर समोर पांढरा बर्फ, वर पांढरा ढग, आणि मधली चढण डोळ्यांना दिसेना. अवशेषांतून प्रवाशांच्या कॅमेऱ्यांतले फिल्मचे रोल सापडले. ते धुतल्यावर दिसलं की बाजूच्या खिडक्यांतून दृश्य स्वच्छ होतं: किनारा, समुद्र, बर्फ. प्रवासी शेवटपर्यंत फोटो काढत होते. न्यायमूर्ती पीटर मॅहन यांच्या चौकशीत तो पुरावा महत्त्वाचा ठरला, कारण वैमानिकांनी धुक्यात आंधळेपणाने विमान खाली आणलं हा आरोप त्याने खोडला. बाजूच्या खिडकीतून जग स्पष्ट होतं आणि नेमकं समोरचं तेवढं दिसत नव्हतं.

1994 पासून ऑस्ट्रेलियातून अंटार्क्टिकाच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. त्यांनी खिडकीचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. बहुतेक प्रवाशांना दोन बोर्डिंग पास मिळतात. अर्ध्या वाटेवर जागा बदलायची, खिडकीतला उठून वाटेशेजारी आणि वाटेशेजारचा खिडकीत. विमान तिथे इंग्रजी आठच्या आकारात घिरट्या घालतं, म्हणजे तेच दृश्य दोन्ही बाजूंना येतं.

नेपाळातही दुःख घडलं. 25 सप्टेंबर 2011 रोजी एव्हरेस्ट दाखवून परतणारं एक बीचक्राफ्ट ढगांत काठमांडूच्या दक्षिणेला टेकडीवर आदळलं. आतल्या 19 पैकी कोणीही वाचलं नाही. त्यांत 10 भारतीय होते. पाऊस पुरता ओसरायच्या आधीचे ते दिवस होते. डोंगर दिसला नाही तर विमान परत फिरवणं किंवा उड्डाणच रद्द करणं यावर नाराज होणाऱ्या प्रवाशाने ही तारीख ध्यानात ठेवावी. धुक्यामुळे काठमांडूची सकाळची विमानं तासन्‌तास थांबतात. ते थांबणं प्रवाशाच्या भल्याचंच असतं.

लेहचं गणित काठमांडूहून निराळं. दिल्ली-लेह विमान हिमालयाला समांतर जात नाही, त्याला आडवं कापत उत्तरेला जातं. डोंगर दोन्ही बाजूंना, आणि खालीही. दुपारी लेहच्या खोऱ्यात वारा सुटतो आणि तापलेल्या विरळ हवेत विमानाला उचल कमी मिळते, म्हणून बहुतेक विमानं सकाळचीच. सकाळी सूर्य पूर्वेला, म्हणजे जाताना उजव्या हाताला. उजवीकडच्या काचेवर ऊन चमकतं. नून आणि कून ही सात हजार मीटरवरची जोडशिखरं पश्चिमेला, डावीकडे. अगदी स्वच्छ दिवशी काराकोरमची रांगही त्याच अंगाला क्षितिजावर येते. म्हणून लेहला जाताना डावी आणि परतताना उजवी. काठमांडूच्या वाटेला डोंगर उत्तरेला राहतात, लेहच्या वाटेला उजेडाच्या उलट बाजूचे डोंगर पश्चिमेला. दोन्हीकडे निवड ठरते ती दिशेवरून, डावं-उजवं नंतर येतं.

मुक्तिनाथाला जाणाऱ्यांसाठी मात्र वेगळाच हिशेब आहे. महाराष्ट्रातून दरवर्षी यात्रेकरूंचे जथे काठमांडू, पोखरा, मुक्तिनाथ असे जातात आणि पोखऱ्याहून जोमसोमपर्यंत छोटं विमान घेतात. वीसेक मिनिटांची ही वाट काली गंडकीच्या दरीतून जाते. एका बाजूला 8,091 मीटरची अन्नपूर्णा, दुसऱ्या बाजूला 8,167 मीटरची धौलागिरी, आणि विमान दोघींच्या खालून, मधून. दुपार व्हायच्या आतच या दरीत इतका जोराचा वारा सुटतो की त्यानंतर विमानं जात नाहीत. सगळी धावपळ सकाळची. जाताना उजव्या खिडकीत अन्नपूर्णेचं कुटुंब आणि जोमसोमजवळ नीलगिरी येते, डावीकडे धौलागिरी. इथे परतताना बाजू बदलायची नाही. जाताना उजवीकडे बसलेला येतानाही उजवीकडेच बसला, तर अन्नपूर्णा जाताना पाहून झालेली असते आणि येताना धौलागिरी त्याच्या खिडकीत येते.